मनाचे दुखणे आणि पदराला लागणारा खार

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर चपला घालत होतो. तेवढ्यात वस्तीतल्या एका मावशींनी बाजूला बोलावले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, सुनेचं काय खरं न्हाई. तान्हं रडून रडून निळं पडतंय, पर ही बघत बी न्हाई. रातभर डोळं उघडं. बाहेरचं असंल का वो?"

वीस वर्षे आम्ही सामाजिक कामात काढली. अंधश्रद्धेवर भाषणे ठोकली. पण त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते लिहितानासुद्धा लाज वाटते. "मावशी, बाहेरचं वगैरे काही नसतं. अशक्तपणा असेल. चार दिवस माहेरी पाठवा, विश्रांती मिळाली की होईल बरी," एवढे सांगून आम्ही गाडीला किक मारली. बाहेरचे नसते हे सांगितले, पण मग आत काय झाले आहे आणि ते दाखवायचे कुठे, हे सांगितलेच नाही. आम्ही मोकळी सोडलेली जागा देवऋषाने भरली.

मावशींच्या परवानगीने, नाव-गाव गाळून ही हकिकत सांगत आहोत. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचे हे गाव. एका अंगाला माण-खटाव, दुसऱ्या अंगाला आटपाडी. मुलगा सेंट्रिंगच्या कामावर बाहेरगावी, पंधरा दिवसांनी घरी येणारा. मावशी लोकांच्या रानात खुरपायला जाणार. थोरली नात अंगणवाडीत, धाकटे दोन महिन्यांचे. देवऋषाने सांगितले, करणी आहे आणि ती माहेरच्या बाजूने आली आहे. म्हणजे आम्ही सुचवलेला माहेरचा रस्ताही बंद झाला! तीन अमावस्या गेल्या. मध्ये अंगात ताकद यावी म्हणून सलाईन लावून झाले. दूध आटले, तान्ह्याला वरचे सुरू झाले. दावणीची शेळी विकली गेली.

१९५६ नंतर आपण देव्हारे उतरवले, पण उंबऱ्यात पडलेले लिंबू ओलांडताना पाय अजून अडखळतात, हे कबूल केले पाहिजे. तरीही आम्ही मावशींना दोष देत नाही. देवऋषी बसायला पोते टाकतो, तासभर ऐकून घेतो, "तुमची सून वेडी नाही, तिला कोणीतरी केलं आहे" असे सांगून घराची लाज झाकतो. आपल्या दवाखान्यांना आणि आम्हा कार्यकर्त्यांना जे जमत नाही ते तो करतो, आणि त्याचेच पैसे घेतो.

किती घेतो, याचा हिशेब आम्ही नंतर मावशींच्या ओसरीवर बसून मांडला. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, जमा-खर्च लिहिल्याशिवाय आम्हाला गोष्ट कळत नाही. जीपच्या तीन खेपा, आठशेप्रमाणे २,४०० रुपये. कोंबडा, नारळ व इतर साहित्य १,९५०. देवऋषाचे ५,१००. ताईत ५०१. सलाईनच्या चार बाटल्या, सातशेप्रमाणे २,८००. मावशींची अकरा दिवसांची बुडालेली मजुरी, तीनशेप्रमाणे ३,३००. एकूण १६,०५१ रुपये. शेळी त्यातच गेली. मावशी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण आकडा कळतो.

"आता डोक्याच्या डाक्टरला द्यायला हाय काय माज्यापाशी?" त्यांचा प्रश्न रास्त होता. पुण्यासारख्या शहरात खासगी समुपदेशकाकडे तासाभराच्या एका बैठकीला हजार-दीड हजार रुपये सहज पडतात, आणि एका बैठकीत काही भागत नाही. सेंट्रिंगवाल्याची ती दोन दिवसांची हजेरी. म्हणून आपल्या माणसांनी समजूत करून घेतली आहे की मनाचा डॉक्टर हा पैसेवाल्यांचा शौक आहे. दुसरी भीती तर आणखी मोठी. मावशींची धाकटी लेक लग्नाची आहे. "वहिनी वेडी हाय म्हनल्यावर सोयरिकीला कोन उभं ऱ्हाईल?"

या दुखण्याला नाव आहे, हे आधी सांगू. बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ बायांना होते आणि आपोआप जाते. पण दोन आठवड्यांच्या पुढेही झोप नाही, भूक नाही, बाळाची ओढ वाटत नाही, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असे वाटत राहते, तेव्हा तो बाळंतपणानंतरचा नैराश्याचा आजार समजावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने आपल्यासारख्या विकसनशील देशांत बाळंत झालेल्या पाच जणींत जवळजवळ एकीला मनाचा काही ना काही आजार होतो. म्हणजे तुमच्या आळीत यंदा पाच पाळणे हलले असतील तर एका घरात डोकावून बघायला हरकत नाही. बाईला कानात आवाज ऐकू येत असतील, ती असंबद्ध बोलत असेल, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर मात्र वार-तारीख बघत बसू नये. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे आणि तोवर तिला एकटे सोडू नये.

शेवटी आम्ही सोबत गेलो. चौथी अमावस्या येण्याआधी गेलो, एवढेच आमच्या पदरी पुण्य.

चार मिनिटांचा डॉक्टर

त्या सरकारी दवाखान्याचे नाव लिहीत नाही, कारण थोडी तक्रारही सांगायची आहे. सकाळी सातची एस.टी. धरली. केसपेपरच्या रांगेत तास गेला, मनोविकाराच्या खोलीबाहेर दोन तास. आत डॉक्टरांनी दिलेला वेळ चार मिनिटे. पाठीमागे पन्नास माणसे उभी होती, त्यांचाही नाइलाज असेल. गोळ्या लिहून दिल्या आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले. परतीच्या गाडीत मावशी म्हणाल्या, "एवढ्यासाठी आलू?" सून खिडकीतून बाहेर बघत होती.

बहुतेक घरे याच गाडीत हरतात. दुसऱ्या खेपेला कोणी येतच नाही. त्यामुळे पुढे जे शिकलो ते सविस्तर सांगतो.

चार मिनिटांत डॉक्टरला घर कळत नाही, म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही एका कागदावर लिहून नेले. कधीपासून झोप नाही, किती जेवते, बाळंतपण कुठे झाले, आधी असे काही झाले होते का, आजवर कोणत्या गोळ्या-इंजेक्शने झाली, बाळ अंगावर पिते की नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईने ही गोष्ट न विचारता सांगावी, औषध त्यानुसार निवडतात. डॉक्टरांनी कागद वाचला आणि पहिल्यांदा मान वर करून सुनेकडे पाहिले.

मग आम्ही विचारले, "साहेब, समुपदेशनाची सोय आहे का?" आपण विचारले नाही तर गर्दीत ते राहून जाते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञाच्या जोडीला मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका अशा जागा असतात. मनोविकारतज्ज्ञ औषध देतो. मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता बोलून उपचार करतात, घरच्यांना बोलावून समजावतात. कोण कोणत्या वारी बसते हे दाराबाहेरच्या सिस्टरला विचारून घ्यावे आणि पुढची तारीख त्या वारी मागावी, म्हणजे एकाच खेपेत गोळ्या आणि बोलणे दोन्ही उरकते.

तिसऱ्या खेपेला सामाजिक कार्यकर्त्या बाई भेटल्या. त्यांनी सुनेला पाऊण तास दिला. आम्ही बाहेर बाकावर. मग मावशींना आत बोलावले. आत काय झाले ते आम्हाला ठाऊक नाही आणि विचारणारही नाही. बाहेर आल्यावर मावशींनी पदराने तोंड पुसले आणि सुनेच्या हातातली पिशवी स्वतः घेतली. गाडीत म्हणाल्या, "मला बी थोरल्याच्या येळंला असंच झालतं. सासूनं डागनी दिलती." एवढेच बोलल्या.

औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोके जड होणे असा त्रास होतो आणि माणसे गोळ्या फेकून देतात. बरे वाटले तरी फेकून देतात. दोन्ही चुकीचे. सोडायच्या झाल्या तर डॉक्टरला विचारून हळूहळू सोडायच्या. सगळ्या गोळ्या झोपेच्या असतात, सवय लागते, हा गैरसमज वस्तीत फार आहे. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या नशेच्या नव्हेत. एकदा दवाखान्यात गोळ्या संपल्या होत्या, बाहेरून आणाव्या लागल्या. अशा वेळी जनऔषधी केंद्रात त्याच औषधाची साधी आवृत्ती मिळते का हे आधी बघावे. फरक मोठा पडतो.

तीन महिन्यांचा दुसरा हिशेब असा. पाच खेपा. दोघी बायांचे एस.टी. भाडे १,१०० (१७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, म्हणून एवढ्यात भागले). मुलगा दोनदा आला, त्याचे पूर्ण तिकीट ४४०. चहा-भजी ४५०. केसपेपर २०. बाहेरून घेतलेल्या गोळ्या २४०. मावशींची मजुरी १,५००, मुलाची १,२००. एकूण ४,९५०.

यात दवाखान्याचा आणि औषधाचा खर्च २६० रुपये आहे. बाकी सगळा गाडीचा, पोटाचा आणि बुडालेल्या हजेरीचा. म्हणजे गरिबाला मनाचा उपचार परवडत नाही याचा अर्थ फी परवडत नाही असा नसतो, दिवस परवडत नाही असा असतो. तेव्हा काटकसर करायची ती दिवसांची. तारखा सांभाळून घ्या, आठवडी सुट्टीच्या आसपासचा वार मागा, गुण येऊ लागला की पंधरा दिवसांऐवजी महिन्याच्या गोळ्या द्या म्हणून विनंती करा. जिल्ह्याचे पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयातही येते. तो दिवस आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारला तर जिल्ह्याची खेपच वाचेल. आम्हाला हे चौथ्या खेपेला कळले, तुम्ही पहिल्याच खेपेला विचारा.

कुठे जायचे

सातारकरांसाठी क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे जिल्हा रुग्णालय आहे. सांगलीत वसंतदादा पाटील यांच्या नावाचे शासकीय रुग्णालय आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत केले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या शासकीय रुग्णालयांचा कारभार वेगळ्या खात्याकडे असल्याने तेथे केसपेपरला थोडे पैसे पडतात, पण ते चहाच्या पैशांतले. कराडचे कृष्णा रुग्णालय आणि सांगलीचे भारती रुग्णालय ही खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. बाह्यरुग्ण विभागाचे दर तेथे आधी विचारून घ्यावेत.

हे उपकार नव्हेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, सरकारी खर्चाने मिळणारी मानसिक आरोग्य सेवा हा हक्क केला. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी दवाखान्यात हा उपचार मोफत मिळाला पाहिजे, कार्ड हातात असो वा नसो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असे समजायला सांगितले. पोलीस केस होईल या भीतीने अशा माणसाला घरात लपवून ठेवण्याचे कारण उरले नाही. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांनी आपले विमा कार्ड कपाटातून काढावे, त्यात मनाचा आजारही येतो.

फोनवरची सोय 'टेलिमानस' या नावाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री चालतो, मराठीत बोलता येते. घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात असतो, हे आम्हाला माहीत आहे. शेजारणीच्या घरून करा, आशाताईच्या फोनवरून करा. पहिल्यांदा काय बोलावे सुचत नाही, तर "मला झोप लागत नाही" एवढे पुरते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांच्यापैकी काही जणी आजही ढग दाटले की भांडी माळ्यावर चढवू लागतात. एका ताईने हा फोन केला आणि एवढेच सांगितले, "पाऊस आला की छातीत धडधडतं." तिथून बोलणे सुरू झाले. नवऱ्याच्या मारहाणीने मन खचले असेल तर महिलांसाठी १८१ आहे, आणि पोलिसांच्या आवारात चालणाऱ्या महिला व मुलांसाठीच्या विशेष सहाय्य कक्षात समुपदेशन विनामूल्य मिळते. मुलांसाठी १०९८.

दारूचा प्रश्न वेगळा लेख मागतो. एवढेच सांगतो की या कामात सातारा मागे नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९९१ साली साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. ज्या माणसाने आयुष्यभर देवऋषांशी लढा दिला त्यानेच दारूबाजाला शिव्या न देता रुग्ण म्हणून वागवले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे, डागणे आता गुन्हा आहे. व्यसनासाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांनाही फी नसते आणि नाव-आडनाव विचारत नाहीत.

आडनावावरून आठवले. आपल्या वस्तीतला एक मुलगा पुण्याला वसतिगृहात होता. आडनाव कळल्यावर मित्रांनी जेवणाचे टेबल बदलले. तो समुपदेशकाकडे गेला तर उत्तर मिळाले, "तू फार मनाला लावून घेतोस." मुलगा परत कधी गेला नाही, दुसऱ्या वर्षाला घरी आला. समुपदेशकाला जात दिसत नसेल तर तो अर्धाच माणूस बघतो आहे. अशा वेळी माणूस बदलावा, उपचार सोडू नये. फोनवरही एक जण ऐकत नसेल तर पुन्हा फोन लावावा, दुसरा भेटतो. आणि खासगीत जाणारांनी पाटीवर भुलू नये. पंधरा दिवसांचा कोर्स करूनही 'समुपदेशक' अशी पाटी लावणारे आहेत. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारायला लाजू नये, भाजी घेताना आपण काटा बघतोच की.

मावशींकडे परत येऊ. पैशांचा प्रश्न शेवटी बायांनीच सोडवला. वस्तीतल्या बचत गटाने ठराव केला की दवाखान्याच्या भाड्यासाठी हजार रुपयांपर्यंत बिनव्याजी उचल द्यायची, कारण वहीत लिहायचे नाही. सोबत जाण्याची पाळी लावली, म्हणजे मावशींची प्रत्येक खेपेची मजुरी बुडत नाही. सोबत जाणारी बाई निम्म्या तिकिटात जाते आणि बाजारही करून येते. आमचे काम आता फक्त कागद लिहून देण्याचे राहिले आहे.

सून अजून पूर्ण बरी नाही. गोळ्या चालू आहेत. काही दिवस चांगले जातात, काही दिवस ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजते. तान्हे आता रांगते, वरच्या दुधावर वाढल्याने जरा किरकोळ आहे. गेल्या आठवड्यात आम्ही ओसरीवर बसलो असताना ते रांगत तिच्याकडे गेले आणि तिने मांडीवर घेऊन त्याचे नाक पुसले. मावशी चुलीपुढून बघत होत्या, बोलल्या काही नाहीत.

सोयरिकीचे विचाराल, तर आटपाडीकडचे एक स्थळ येऊन गेले. मुलाची आई चहा पिताना सहज म्हणाली, "आमच्या थोरलीला बी असंच झालतं बाळंतपनात. कुठं दावलं तुमी?" मावशींनी वार सांगितला. मंगळवार. पुढच्या मंगळवारी दोन्ही घरच्या बाया एकाच गाडीने जाणार आहेत, आणि आम्हाला दोन कागद लिहायचे आहेत.